मान्सून आला, पाणी नाही आलं

जूनचा दुसरा आठवडा. पुलगावातल्या एका कृषी केंद्रासमोरच्या बाकड्यावर आम्ही चार-पाच जण बसलो होतो. बसलो होतो म्हणजे चिकटलो होतो. आत काउंटरवर रेडिओ चालू होता. बियाण्यांच्या जाहिराती संपल्या आणि बातमी आली की मान्सून विदर्भात दाखल झाला. बाकड्यावरच्या सगळ्यांनी एकदम वर पाहिलं. वर दुकानाचा पत्रा होता. मग सगळे उठून रस्त्यावर गेले आणि पुन्हा वर पाहिलं. वर नुसतं ऊन. ढग सोडा, कावळासुद्धा नव्हता.

परत येऊन बसताना आमच्यातल्या काकाजींनी मला विचारलं, “काऊन मास्तर, मान्सून आला म्हनते. कोन्या गाडीनं आला?”

प्रश्न गावाला धरून होता. पुलगावात जे काही येतं ते रेल्वेनंच येतं. गावच मुळी रेल्वेनं आलं. 1867 साली मुंबईहून निघालेली लाईन नागपूरला पोचली, वाटेत वर्धा नदीवर पूल झाला, त्या पुलाजवळ वस्ती वाढली आणि पुलावरून गावाला नाव पडलं, असं सांगतात. त्यामुळे ज्याच्या येण्याची बातमी लागली, तो कोणत्या गाडीनं उतरला हे विचारण्याचा पुलगावकराला जन्मसिद्ध अधिकार आहे.

आता हे मलाच का विचारलं? मी शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं म्हणून. गावातला कुठलाही इंग्रजी शब्द बिघडला की दुरुस्तीला माझ्याकडे येतो. औषधाच्या बाटलीवरचा, बँकेच्या नोटिशीतला, फवारणीच्या डब्यावरचा. मान्सून हा शब्द इंग्रजी, तेव्हा तो आल्यावर सोबत पाणी का आणलं नाही, याचा खुलासा मास्तरांनी करायचा.

“पाहतो,” मी म्हणालो. शिक्षकाला उत्तर येत नसलं की तो असंच म्हणतो.

घरी एक जुना ग्रंथ आहे. ‘हॉब्सन-जॉब्सन’. यूल आणि बर्नेल या दोन साहेबांनी हिंदुस्थानात इंग्रजीत जे देशी शब्द शिरले त्यांची कुळं-मुळं यात गोळा केली. पुस्तकाच्या नावाचीच गंमत आहे. मोहरमच्या मिरवणुकीतला ‘या हसन, या हुसैन’ हा आक्रोश गोऱ्या सोल्जरांच्या कानांत शिरला आणि तोंडातून बाहेर पडला तो ‘हॉब्सन-जॉब्सन’ होऊन. ज्यांच्या कानांची ही तऱ्हा, त्यांच्याकडे आपण हवामानाचा शब्द ठेवायला दिला आणि परत आला तेव्हा ओळखू येईना, तर तक्रार कोणाकडे करायची?

कारण शब्द मुळात इंग्रजी नाहीच. तो अरबी आहे. अरबीत ‘मौसिम’ म्हणजे ठरलेला काळ. त्याच्या मुळाशी जो धातू आहे त्याचा अर्थ खूण करणे, डाग देणे. उंटाला ओळखीसाठी डाग देतात, तसा वर्षातल्या एखाद्या काळावर दिलेला डाग म्हणजे मौसिम. यात्रेचा मौसिम, जत्रेचा मौसिम. आणि अरबी खलाशांच्या बोलीत मौसिम म्हणजे अमुक बंदरातून अमुक दिशेला गलबत सोडायची तारीख. पंधराव्या शतकात इब्न माजिद नावाचा मोठा नावाडी होऊन गेला. त्यानं समुद्रप्रवासावर ग्रंथ लिहिला, त्यात हा शब्द याच अर्थानं येतो. कारण उघड आहे. अरबी समुद्रावर वारा वर्षातले काही महिने एका दिशेनं वाहतो, नंतर उलटा फिरतो. शिडाच्या गलबताला वारा पाठीशी असेल तेव्हाच निघावं लागतं. चुकलं की बसा पुढच्या वाऱ्यापर्यंत. आर्वीची नॅरोगेजची गाडी होती तेव्हा असंच होतं. चुकली की चुकली.

या सगळ्यात पाऊस कुठं आहे? कुठंच नाही. खलाशाला पावसाशी काय करायचं? त्याच्या चहूबाजूंनी पाणीच पाणी.

पुढं पोर्तुगीज आले. त्यांनी अरबांकडून समुद्राच्या वाटा घेतल्या, मिरी घेतली आणि हा शब्दही घेतला. त्यांच्या तोंडी मौसिमचं ‘मोंसांव’सारखं काहीतरी झालं. त्यांच्याकडून डचांनी घेतला, आणि सोळाव्या शतकाच्या शेवटी शेवटी तो इंग्रजांच्या पदरात पडला. इंग्रजांनी इथं आल्यावर पाहिलं की ज्या महिन्यांत हा नैऋत्येचा वारा वाहतो त्याच महिन्यांत आपल्या बंगल्याला बुरशी चढते, बुटात बेडूक निघतात आणि टपाल तुंबतं. त्यांनी वाऱ्याचं नाव पावसाला देऊन टाकलं. हे म्हणजे बारात आली, म्हणून बँडवाल्यालाच नवरदेव म्हणण्यासारखं झालं.

हाच मौसिम आपल्याकडे आधीच आलेला होता, फारसीच्या मार्गानं. आपण त्याला मोसम म्हणतो. आंब्याचा मोसम, लग्नाचा मोसम. म्हणजे एकच माणूस आपल्या घरी दोनदा आला. एकदा मागच्या दारानं, धोतर-टोपीत, मोसम म्हणून. मग तोच लिस्बन, ॲमस्टरडॅम, लंडन असा फिरून, टाय लावून, पुढच्या दारानं आला, मान्सून म्हणून. आपण टायवाल्याला खुर्ची दिली आणि धोतरवाल्याला विचारलं, हे कोण तुमच्या ओळखीचे आहेत का?

भूगोलाच्या पुस्तकवाल्यांना मात्र ओळख पटली होती. त्यांनी ‘नैऋत्य मोसमी वारे’ असं भाषांतर केलं आणि सख्ख्या भावांची गाठ घालून दिली. आम्ही पाचवीत ते घोकलं. गुरुजी विचारायचे, मोसमी वारे कुठून येतात? आम्ही म्हणायचो, नैऋत्येकडून. नैऋत्य कुठं आहे? सगळी मुलं स्टेशनकडे बोट दाखवायची.

या शब्दाच्या नादानं मी दोन दिवस घरात कोश पसरून बसलो. शब्दांची मुळं खणायला बसलं की धड माणूस सापडत नाही, सगळे भाडेकरू निघतात. हंगाम? फारसी. (हंगामा त्याचाच गोतावळा, आणि विदर्भातला हंगाम पाहिला की नातं पटतं.) हवामान? त्यातली हवा अरबी. तुफान? तेही अरबी. गोड मोसंबीला मी भाबडेपणानं मोसमातलं फळ समजत होतो, तर कोशकार म्हणतात ती मोझांबिकची. मग शेवटी म्हटलं, जाऊ दे, आपलं गाव तरी अस्सल मराठी आहे. तर पूल हा शब्द फारसी निघाला. गाव तेवढं आपलं. मी पुस्तक मिटलं. घर कोणाच्या नावावर आहे ते पाहायची हिंमत झाली नाही.

दरम्यान बाकड्यावर नवीन प्रश्न तयार होता. “पण मास्तर, आला हे ठरवते कोन?”

याचं उत्तर फार शास्त्रशुद्ध आहे आणि ते सांगताना मला स्वतःला थोडी भीती वाटली. मान्सून आला हे असं उठून कोणी म्हणत नाही. त्याची परीक्षा असते. केरळात आणि आसपास चौदा केंद्रं ठरलेली आहेत. मिनिकॉय, अमिनी, तिरुवनंतपुरम, पुनलूर अशी सुरू होऊन यादी मंगळूरपर्यंत जाते. 10 मेनंतर या चौदांपैकी साठ टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस अडीच मिलीमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडला पाहिजे. तेवढ्यानं भागत नाही. पश्चिमेचा वारा ठराविक उंचीपर्यंत भरलेला हवा, त्याचा वेग ठराविक हवा आणि जमिनीवरून वर निसटणारी उष्णता उपग्रहाला ठराविक आकड्याच्या खाली दिसली पाहिजे. एवढे सगळे पेपर सुटले तर केरळात मान्सून पास. सर्वसाधारण तारीख 1 जून. मग तो एकेक प्रांत घेत वर सरकतो आणि नकाशावर त्याच्या हद्दीची रेघ सरकत जाते.

“अडीच मिलीमीटर म्हंजे किती?” काकाजींनी विचारलं.

मी बोटांच्या चिमटीत दाखवलं. त्यांनी माझी चिमूट डोळ्याजवळ नेऊन पाहिली. “इतक्यानं तं मुंगीबी न्हाऊन नाही निंघत.”

वावरातलं माप वेगळं असतं. तिथं मिलीमीटर चालत नाही, ओल चालते. बोट खुपसायचं, कुठपर्यंत गार लागतं ते पाहायचं. वीतभर ओल गेली की पेरा. कृषी खातं हेच पंचाहत्तर ते शंभर मिलीमीटर पाऊस होईपर्यंत थांबा, असं सांगतं. सल्ला शंभर टक्के बरोबर. पण शेजाऱ्यानं तिफन काढलेली दिसली की माणसाला शंभरपर्यंत मोजणं जमत नाही. साठ-सत्तरला हात सुटतात. मग पंधरा दिवसांचा खंड पडतो, पऱ्हाटीचे कोंब जमिनीतच भाजतात आणि दुबार पेरणीसाठी पुन्हा त्याच कृषी केंद्राच्या काउंटरवर यावं लागतं. तिथं बाकड्यावर कोणी विनोद करत नाही.

पावसाच्या मोजणीचं आणखी एक आहे, ते मला फार आवडतं. पावसाचा दिवस रात्री बाराला संपत नाही, सकाळी साडेआठला संपतो. आदल्या सकाळी साडेआठपासून आज साडेआठपर्यंत जेवढं पडलं तो आजचा पाऊस. म्हणजे सोमवारी सकाळी नऊ वाजता तुम्ही चिंब भिजला असाल, तर सरकारदरबारी तुम्ही मंगळवारी भिजलात. हे मी काकाजींना सांगितलं तेव्हा त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, आमच्या पगाराचंबी असंच रायते.

आणि ती रेडिओवरची भाषा. ‘विदर्भात तुरळक ठिकाणी पाऊस पडेल.’ लहानपणी मला वाटायचं तुरळक नावाचं एक गाव आहे आणि तिथं फार पाऊस पडतो. बरीच वर्षं मी ते नकाशावर शोधलं. पुढं कळलं की हेही हिशेबातले शब्द आहेत. एखाद्या विभागात पाऊस मोजायची जी केंद्रं असतात, त्यांतल्या पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर पडला तर तुरळक ठिकाणी. पाव ते निम्म्यांवर पडला तर काही ठिकाणी. पुढं अनेक ठिकाणी आणि तीन-चतुर्थांशाच्या वर गेला की बहुतेक ठिकाणी. हिशेब चोख आहे. पण आपलं वावर त्या पावात येतं की पाऊणात, हे कोण सांगणार? पुलगावकरांचा अनुभव असा की तुरळक ठिकाण म्हणजे नदीपलीकडचा अमरावती जिल्हा. आभाळ तिकडून काळं होतं, इज चमकते, मातीचा वास येतो, बायका वाळवण उचलायला धावतात आणि पाऊस नदीच्या त्या काठापर्यंत येऊन थांबतो. ज्या गावाचं नाव पुलावरून आहे, त्या गावाला येताना पावसाला पूल सापडू नये?

मोबाइलवाल्या पोरांचा तर वेगळाच थाट. बाकड्यावरच्या पाच मोबाइलमध्ये पाच हवामानं असतात. एकात पुलगावला ढग, एकात ढग आणि थेंब, एकात वीज, एकात सूर्य, आणि पाचव्यात डाटा संपलेला. त्यातला पाचवा बऱ्याचदा बरोबर निघतो.

पण एका इंग्रजी शब्दाबद्दल मात्र आमच्याकडे निखळ प्रेम आहे. तो म्हणजे डिप्रेशन. बाकीच्या जगात कोणाला डिप्रेशन आलं की लोक हळहळतात. आमच्याकडे बंगालच्या उपसागरात डिप्रेशन आलं की माणसं एकमेकांना चहा पाजतात. कारण विदर्भाचा बराचसा भरवशाचा पाऊस त्या बाजूनं येतो. उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं, ते ओडिशाच्या किनाऱ्यावर चढतं आणि छत्तीसगडवरून इकडे सरकतं. मग लागते झड. तीन-तीन दिवस सूर्य दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, कवेलूतून थेंब गळतो आणि घरातली सगळी भांडी जमिनीवर मांडली जातात. त्या क्षेत्राचा जोर वाढला की त्याला शास्त्रात नुसतं डिप्रेशन म्हणतात. वाऱ्याचा वेग ताशी पन्नास किलोमीटरला पोचला की डीप डिप्रेशन. आणि बासष्ट गाठला की चक्रीवादळ, सायक्लोन. हा सायक्लोन शब्दही विलायतेत नाही, कलकत्त्यात जन्मला. हेन्री पिडिंग्टन नावाच्या साहेबानं सापाच्या वेटोळ्यावरून, ग्रीक शब्द घेऊन, तो घडवला आणि 1848 साली आपल्या पुस्तकातून खलाशांच्या हाती दिला. आमच्या घरी मात्र डीप डिप्रेशन मला वेगळ्या वेळी येतं. खताचं बिल पाहिल्यावर.

मुळात या मान्सूनचा अंदाज बांधायचा उद्योगही काही नवा नाही. 1875 साली सरकारनं हवामान खातं काढलं, ब्लॅनफर्ड नावाचे साहेब पहिले प्रमुख. 4 जून 1886 रोजी त्यांनी पहिला अधिकृत दीर्घकालीन अंदाज दिला, हिमालयावर बर्फ किती साचलंय ते पाहून. ‘हॉब्सन-जॉब्सन’ छापून आला तोही 1886 साली. म्हणजे एकाच वर्षी एक साहेब मान्सून कुठून आला ते लिहीत होते आणि दुसरे तो किती बरसेल ते. पुढं गिल्बर्ट वॉकर आले. गणिती माणूस. त्यांनी आकड्यांच्या राशी उपसून दाखवलं की आपला पाऊस दूरच्या प्रशांत महासागरावरच्या हवेच्या दाबाशी बांधलेला आहे. त्याच दाबाशी जोडलेलं तिकडचं ते एल निनो. पेरूच्या कोळ्यांनी नाताळच्या सुमारास येणाऱ्या गरम प्रवाहाला दिलेलं नाव. अर्थ, तो छोटा मुलगा, म्हणजे बाळ येशू. मी हे सांगितल्यावर बाकडं काही क्षण गप्प झालं. मग कृषी केंद्राचे मालक म्हणाले, “तिकडलं पोट्टं उधम करते अन् इकडं आमचं सोयाबीन जाते?” सव्वाशे वर्षांचं संशोधन एका वाक्यात आटपलं.

मग काकाजींनी खिशातून घडी घातलेलं पंचांगाचं पान काढलं. मृग नक्षत्र, वाहन अमुक. आपल्या जुन्या पद्धतीत पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन असतं आणि ते दरवर्षी बदलतं. बेडूक, म्हैस, हत्ती असले तर धो-धो. कोल्हा किंवा मेंढा आला की तोंडचं पाणी पळालं. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. तिकडे बुलडाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे धान्य कसं हाललं ते पाहून वर्षाचं भाकीत सांगतात. खरं-खोटं त्या घटाला ठाऊक. पण पान पाहताना माझ्या डोक्यात उजेड पडला. काकाजींनी पहिल्याच दिवशी जो प्रश्न विचारला होता, कोन्या गाडीनं आला, तो मी विनोद समजलो होतो. ते सरळ वाहन विचारत होते! पंचांग निदान म्हशीवर आला की कोल्ह्यावर, एवढं सांगतं. रेडिओनं नुसतं ‘दाखल झाला’ म्हटलं. दाखल तर माणूस दवाखान्यातही होतो.

शब्दांच्या खणकामात शेवटी एक गोष्ट अशी सापडली की मी ती सांगायला भर दुपारी चप्पल घालून बाकड्यावर गेलो. लोक ‘मान्सून सीझन’ म्हणतात. मला वाटायचं हे ‘लेडीज बाई’सारखं झालं, हंगामाचा हंगाम. पण सीझन या शब्दाचं लॅटिन मूळ पाहिलं तर त्याचा अर्थ निघाला पेरणी. पेरण्याची क्रिया. त्यावरून पेरणीचा काळ, आणि त्यावरून कुठलाही काळ. म्हणजे मान्सून ही खूण आणि सीझन ही पेरणी. मान्सून सीझन म्हणजे पेरणीची खूण!

मला वाटलं बाकडं टाळ्या वाजवेल. काकाजींनी पान थुंकलं आणि शांतपणे विचारलं, “मंग, दिसली का खून?”

त्या रात्री ती मला दिसली.

विदर्भात कूलर हे यंत्र नाही, घरातला माणूस आहे. होळी झाली की त्याला गच्चीवरून उतरवायचं, गंज खरवडायचा, ताट्यांत नवीन गवत भरायचं, पंपाला एक थप्पड मारायची आणि खिडकीत बसवायचं. पुढं तीन महिने सगळं घर त्याच्या तोंडासमोर झोपतं. पारा पंचेचाळीसच्या पुढं गेला तरी तो साथ सोडत नाही, उलट जितकी हवा कोरडी तितका तो जोमात. कारण त्याची सगळी कला पाणी उडून जाण्यात आहे. ओल्या गवतातून कोरडी हवा जाते, पाणी उडतं, उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. पण हवाच आधी ओली झाली की पाणी उडेल कुठं? मग तो नुसता घरघरतो आणि दमट वाफ तोंडावर मारतो.

रात्री दोनला मला जाग आली. उशी ओली. अंगाला बनियान चिकटलेलं. पंखा चालू, कूलर चालू, टाकी भरलेली, पंप ठीक, पाणी गवतावर पडतंय. आणि तरी घरात सगळं गदगदतंय. मी उठून कूलरच्या जाळीला हात लावून पाहिला. वारा कोमट. पंधरा दिवसांपूर्वी याच जाळीसमोर रात्री चादर घ्यावी लागत होती. बाहेर आलो. आभाळ कोरडं, चांदण्या दिसत होत्या, पण वारा फिरला होता. पश्चिमेकडून येत होता आणि ओला होता. थेंब नाही, ढग नाही. नुसता इब्न माजिदचा मौसिम, आमच्या अंगणात.

“अहो,” आतून आवाज आला, “कूलर काऊन असा गरम मारून राह्यला? बिघडला का?”

“बिघडला नाही,” मी म्हणालो, “मान्सून आला.”

“मंग टाकी रिकामी करा. मच्छर होतात.”

सकाळी बाकड्यावर मी जाहीर केलं. पाऊस न पाहता मान्सून ओळखायची खूण मिळाली आहे. कूलरनं थंड करणं सोडलं की तो आला. रेडिओची वाट नको, मोबाइल नको. मालकांनी मान डोलावली, पोरांनी डोलावली. काकाजी म्हणाले, “मंग आमच्या गल्लीत तं तो परवाच आला. कूलर थंडाच नाही करत.”

“पाहा!”

“लाईनच नाही ना बाप्पा परवापासून.”

मग ते उठले, काउंटरवर गेले आणि मालकांना पऱ्हाटीच्या बियाण्यांची चार पाकिटं बाजूला काढून ठेवायला सांगितली. मालकांनी विचारलं, पैसे आता देता का? मान्सून तर आला.

“पैसे पानी आल्यावर,” काकाजी म्हणाले. “मान्सून आल्यावर नाही.”